तिकडे ओळखीचं कोण आहे?

पुणं सोडून बेंगळुरूला नोकरीला गेलेली मंडळी शुक्रवारी रात्री बसमध्ये बसतात, शनिवारी सकाळी वाकडला उतरतात आणि मित्राला फोन लावतात, ‘खाली ये.’ रविवारी रात्री परत. या दोन दिवसांत शहर बघायला कुणी जात नाही. शहर पाठच असतं. जायचं असतं ते माणसांकडे. चहा कुठे प्यायचा यावर वाद होतो, पण कुणाकडे उतरणार, किती दिवस राहणार, परवानगी कुणाची घेतली, हे प्रश्न डोक्यातही येत नाहीत. फार तर मित्राचा घरमालक कुरकुर करतो.

आता हेच प्रश्न सरकारनं विचारले तर? कुठल्या शहरात जाणार? तिथे ओळखीचं कोण आहे? त्याचा पत्ता काय? तो तुम्हाला ओळखतो हे तो लिहून देईल का?

भारत आणि पाकिस्तान यांच्यामध्ये ज्यांची शहरं अदलाबदल झाली, त्यांना हे प्रश्न आयुष्यभर विचारले गेले. या दोन देशांमधला भेटीचा व्हिसा देशाचा नसतो, शहरांचा असतो. लाहोर लिहिलं असेल तर लाहोर; आलोच आहे तर मुलतानही बघून येतो, असं चालत नाही. इकडे येणाऱ्यालाही तेच. मुंबईचा व्हिसा असेल आणि आत्या पुण्यात राहत असेल, तर पुणं वेगळं लिहून घ्यावं लागतं. पोचल्यावर २४ तासांच्या आत पोलिसांकडे नोंद करायची, निघताना पुन्हा करायची. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तिकडचं एक माणूस लागतं. त्याचं नाव, त्याच्या ओळखपत्राची प्रत, त्याचं पत्र.

जगात बहुतेक ठिकाणी माणूस पर्यटक म्हणून जातो आणि जमलं तर तिथे ओळख करून घेतो. इथे पर्यटक हा प्रकारच कित्येक वर्षं नव्हता. आधी ओळख, मग शहर. त्यामुळे फाळणीनंतर जुन्या शहरात परत जाण्याचा इतिहास म्हणजे मुख्यतः तिकडे राहिलेल्या मित्रांचा इतिहास आहे. मित्र आहे तोवर वाट आहे. मित्र गेला की ते शहर नकाशावर असतं, पण आपल्यासाठी बंद होतं.

क्लेअर रोडवरचा माणूस

सआदत हसन मंटो लुधियाना जिल्ह्यातल्या समराळ्यात १९१२ साली जन्मला आणि अमृतसरमध्ये वाढला, पण त्याचं शहर मुंबई. १९३६च्या सुमारास तो इथे ‘मुसव्विर’ या साप्ताहिकाचं काम करायला आला. मध्ये थोडा काळ दिल्लीच्या रेडिओवर काढून परत आला आणि सिनेमांसाठी लिहू लागला. भायखळ्याला क्लेअर रोडवर अडेल्फी चेंबर्समध्ये तो राहायचा. अशोक कुमार, इस्मत चुगताई, कृष्ण चंदर ही त्याच्या उठण्याबसण्यातली माणसं. आणि श्याम.

श्याम हा नट. ‘पतंगा’ आणि ‘दिल्लगी’ या १९४९च्या सिनेमांनी तो पुढे लोकप्रिय झाला. तो वाढला रावळपिंडीत. म्हणजे पाहा, अमृतसरचा मुसलमान आणि रावळपिंडीचा हिंदू मुंबईत येऊन जिवाभावाचे मित्र झाले. फाळणी झाली तेव्हा मंटोचं अमृतसर भारतात राहिलं आणि श्यामची रावळपिंडी पाकिस्तानात गेली. दोघंही त्या वेळी मुंबईतच होते.

मंटोनं श्यामवर लिहिलेल्या लेखात एक प्रसंग आहे. रावळपिंडीहून पळून आलेलं एक शीख कुटुंब आपल्यावर काय गुदरलं ते सांगत होतं आणि हे दोघं ऐकत होते. बाहेर पडल्यावर मंटोनं श्यामला विचारलं, की मी मुसलमान आहे, मला मारून टाकावंसं तुला वाटत नाही का? श्याम म्हणाला, आत्ता नाही. पण त्यांचं ऐकत होतो तेव्हा मारू शकलो असतो.

मंटोला धक्का बसला तो श्यामच्या उत्तरातल्या प्रामाणिकपणाचा. तेवढ्या क्षणी आपणही श्यामला मारू शकलो असतो, हेही त्याला जाणवलं. त्या वेळी तो बॉम्बे टॉकीजमध्ये होता आणि तिथे मुसलमानांना कामावर का ठेवलंय, अशी धमक्यांची पत्रं येत होती. कुटुंब आधीच लाहोरला गेलेलं होतं. जानेवारी १९४८मध्ये मंटो बोटीनं कराचीला आणि तिथून लाहोरला गेला.

या प्रवासाला त्याला कुठलाही कागद लागला नाही. हे लक्षात ठेवा. मुंबई ते कराची हा तोवर गावातल्या गावात म्हणावा असा प्रवास होता. १९३६पर्यंत तर सिंध हा मुंबई इलाख्याचाच भाग होता.

जायला नाही, यायला कागद

१९४८च्या सुरुवातीला अशी बरीच माणसं होती, जी दंगलींच्या भीतीनं दिल्लीहून किंवा संयुक्त प्रांतातून पाकिस्तानात गेली आणि थोडं शांत झाल्यावर परत येऊ लागली. त्यांच्या हिशेबी ती कायमची गेलीच नव्हती. चार महिने नातेवाइकांकडे काढून घरी निघाली होती. पण तोवर त्यांच्या घरांमध्ये पश्चिम पंजाबातून आलेले निर्वासित राहायला लागले होते. परत येणारा माणूस घर मागणार, मग या निर्वासिताला कुठे ठेवायचं? सरकारपुढचा प्रश्न खरा होता. त्यावर काढलेला उपाय मात्र पुढच्या कित्येक पिढ्यांना पुरला.

१९ जुलै १९४८ला भारतानं वटहुकूम काढून पश्चिम पाकिस्तानातून येणाऱ्यांसाठी परमिट सुरू केलं. थोड्या दिवसांच्या भेटीचं परमिट वेगळं, कायमचं परतण्याचं वेगळं. पाकिस्ताननंही त्याच वर्षी आपली परमिटं आणली. पूर्व बंगालकडची सीमा आणखी चार वर्षं मोकळी राहिली. मग १५ ऑक्टोबर १९५२पासून दोन्ही बाजूंना पासपोर्ट आणि व्हिसा लागू झाला. त्यासाठी फक्त भारत-पाकिस्तान प्रवासाला चालेल असा वेगळा पासपोर्टही होता. ज्या गावाला माणूस आतापर्यंत ‘घरी जातो’ म्हणून निघायचा, त्या गावाला तो ‘परदेशी’ जाऊ लागला.

मंटो जानेवारीत गेला होता. सहाच महिन्यांनी त्याच्या मागे दार लागलं. लाहोरमध्ये त्याचं बरं चाललं नव्हतं. कथांवर अश्लीलतेचे खटले, पैशांची चणचण, दारू. मला कसंही करून परत बोलावून घ्या, असं पत्र त्यानं लिहिलं होतं, अशी आठवण इस्मत चुगताईंनी नोंदवली आहे. मुंबईतल्या मित्रांवर तो एकामागून एक लेख लिहित राहिला. अशोक कुमार, नर्गिस, श्याम. वाचताना वाटतं, की ज्या माणसांकडे जाता येत नव्हतं त्यांच्याकडे तो लिहून जात होता.

श्याम मात्र एकदा लाहोरला येऊन गेला. दोघांची भेट झाली. ती शेवटचीच. २५ एप्रिल १९५१ला ‘शबिस्तान’च्या चित्रीकरणात श्याम घोड्यावरून पडला आणि गेला. त्याची मुलगी पुढे पाकिस्तानात वाढली. साहिरा काझमी हे तिचं नाव. आपल्याकडच्या आईबाबांच्या पिढीनं कॅसेटवर पाहिलेली ‘धूप किनारे’ ही पाकिस्तानी मालिका तिनं दिग्दर्शित केली. रावळपिंडीचा बाप मुंबईत गेला आणि मुंबईतल्या नटाची मुलगी पाकिस्तानी टीव्हीचं मोठं नाव झाली.

मंटो १८ जानेवारी १९५५ला लाहोरमध्ये गेला. वय ४२. मुंबई त्यानं पुन्हा पाहिली नाही.

अकरा दिवसांनंतर

मंटोला जाऊन अकरा दिवस झाले आणि त्याच लाहोरमध्ये भारतातून माणसांचे लोंढे आले.

भारतीय क्रिकेट संघाचा तो पहिला पाकिस्तान दौरा. तिसरी कसोटी लाहोरच्या बाग-ए-जिनामध्ये २९ जानेवारी १९५५ला सुरू झाली. या सामन्यासाठी सीमेवरचे नियम सैल केले गेले आणि सुमारे १० हजार भारतीय वाघा ओलांडून लाहोरमध्ये शिरले. फाळणीनंतर इतकी माणसं एकदम, आणि आपखुशीनं, सीमा ओलांडत होती ती पहिल्यांदाच. आठच वर्षांपूर्वी याच रस्त्यावरून काफिले गेले होते.

ही सगळी माणसं क्रिकेटसाठी आली होती असं समजायचं कारण नाही. त्या मालिकेतल्या पाचही कसोट्या अनिर्णित राहिल्या. दोन्ही संघ हरायला इतके घाबरत होते, की खेळ कंटाळवाणा झाला होता. पण अमृतसर, जालंधर, दिल्लीत येऊन पडलेल्या लाहोरकरांना सामन्याचं तिकीट म्हणजे शहरात शिरायचा पास होता. जुना मोहल्ला, जुने शेजारी, शाळेतले सोबती यांना भेटून यायचं, तर याहून चांगलं निमित्त मिळणार नव्हतं.

मैदानावरही जुन्या ओळखी होत्याच. भारताचा कर्णधार विनू मांकड आणि पाकिस्तानचा कर्णधार अब्दुल हफीझ कारदार हे दोघं १९४६ साली इंग्लंडच्या दौऱ्यावर एकाच संघात होते. तो संघ भारताचा. कारदार लाहोरचाच, तेव्हा तो अब्दुल हफीझ या नावानं खेळायचा. नऊ वर्षांनी ते दोघं नाणेफेकीला उभे राहिले ते दोन देशांचे कर्णधार म्हणून.

आपल्याला या सामन्याशी जोडणारा एक धागा धावफलकात आहे. पाकिस्तानचा मकसूद अहमद ९९वर खेळत होता. एक धाव हवी होती. सुभाष गुपतेच्या लेगस्पिनला तो फसला आणि नरेन ताम्हाणेनं त्याला यष्टिचीत केलं. गुपते आणि ताम्हाणे, दोघंही मुंबईचे. मैदानावर त्या वेळी लाहोर सोडून गेलेले आणि लाहोरमध्ये राहिलेले शेजारी शेजारी बसलेले असणार. त्यांतल्या कुणी टाळ्या वाजवाव्यात आणि कुणी हळहळावं, हे ठरवणं सगळ्यांनाच सोपं गेलं असेल असं वाटत नाही.

कराचीचा रामचंद

त्याच मालिकेची शेवटची कसोटी कराचीत झाली. भारताच्या संघात कराचीत जन्मलेले दोघं होते, पननमल पंजाबी आणि गुलाबराय रामचंद. रामचंद १९२७चा. फाळणीत कराची सोडून तो मुंबईला आला, मुंबईकडून खेळू लागला आणि भारताच्या संघात पोचला. १९५५च्या फेब्रुवारीत तो आपल्या जन्मगावी परतला तो पाहुण्या संघाचा गोलंदाज म्हणून. पहिल्या डावात त्यानं ४९ धावांत ६ बळी घेतले. कसोटीतली ही त्याची सर्वोत्तम कामगिरी. पुढे १९५९ साली कानपूरला ऑस्ट्रेलियाला हरवणाऱ्या भारतीय संघाचा तो कर्णधार होता.

आपल्याकडे फाळणी म्हटलं की पंजाब आठवतो, कारण सिनेमे पंजाबवर निघाले. महाराष्ट्राचं नातं मात्र कराचीशी जास्त. सरळ रेषेत मोजलं तर मुंबईहून दिल्लीपेक्षा कराची जवळ आहे. कराचीत मराठी वस्ती होती. तिथल्या जुन्या बंदर रोडवर आजही नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी शिक्षणाधिकाऱ्याच्या नावाची शाळा उभी आहे, स्थापना १८५५. उलट दिशेनं सिंधी माणसं हजारोंनी मुंबईच्या बंदरात उतरली. कल्याणजवळच्या लष्करी छावणीत त्यांना ठेवलं गेलं. त्या छावणीचं १९४९ साली उल्हासनगर झालं. पुण्याजवळ पिंपरीतही अशीच छावणी होती.

या लोकांसाठी परत जायची वाट समुद्रातून होती. मुंबई-कराची बोट फाळणीनंतरही चालू राहिली. राजस्थानातून मुनाबाव-खोखरापार मार्गे रेल्वेही होती. व्हिसा लागायचा, पण मिळायचा. कराचीत मित्र होते. पत्रं यायची. लग्नाच्या पत्रिका यायच्या.

मित्रांच्या गाडीतून

१९६२ साली बलराज साहनी पाकिस्तानात जाऊन आले. ‘दो बिघा जमीन’मधला रिक्षा ओढणारा शंभू म्हणून देशभर ठाऊक असलेला हा नट मुंबईत राहायचा. जन्म रावळपिंडीचा, १९१३चा. शिक्षण लाहोरच्या गव्हर्नमेंट कॉलेजात. पूर्वजांचं गाव भेरा. लाहोर, झंग, सरगोधा, भेरा, रावळपिंडी असा प्रवास करून परतल्यावर त्यांनी पंजाबीत प्रवासवर्णन लिहिलं. पंजाबीत लिहिण्यामागेही एक गोष्ट आहे. तरुणपणी शांतिनिकेतनात शिकवत असताना टागोरांनी त्यांना मातृभाषेत लिहा असं सुचवलं होतं. ते त्यांनी पुढे मनावर घेतलं. ज्या भाषेत वाढलो तिचं गाव सीमेपलीकडे राहिलं, म्हणून भाषा तरी जवळ ठेवायची.

हे प्रवासवर्णन वाचताना जाणवतं ते असं, की शहरात हिंडताना सगळीकडे सोबत कुणीतरी आहे. परतलेल्या माणसाला शहर एकट्यानं सापडत नाही. रस्त्यांची नावं बदललेली, दुकानांच्या पाट्या बदललेल्या, घरात दुसरंच कुटुंब. मध्ये मित्र नसेल तर आपण दारात उभे राहून काय सांगणार? ‘हे माझं घर होतं’ या वाक्यानं आतल्या माणसाच्या पोटात गोळा येतो. तोही कुठूनतरी उखडून इथे आलेला असतो. मित्र सोबत असला की तेच वाक्य पाहुण्याचं होतं आणि आतून चहा येतो.

साहनींचा शेवटचा महत्त्वाचा सिनेमा ‘गर्म हवा’. फाळणीनंतर आग्र्यातच राहायचं ठरवणाऱ्या मुसलमान माणसाची भूमिका. ज्यानं स्वतःचं गाव गमावलं, त्यानं गाव न सोडणारा माणूस उभा केला. एप्रिल १९७३मध्ये, डबिंग संपवल्यावर लगेचच, ते गेले.

दारं एकेक करून

सप्टेंबर १९६५च्या युद्धानं मुंबई-कराची बोट थांबली, मुनाबाव-खोखरापार रेल्वे थांबली. १९७१च्या युद्धानं राजनैतिक संबंधच तुटले. १९७४ साली दोन्ही देशांनी व्हिसाचा करार केला आणि तीन शहरांपर्यंतच्या भेटीचा व्हिसा आला. २२ जुलै १९७६ला अमृतसर-लाहोर समझौता एक्स्प्रेस सुरू झाली. म्हणजे फाळणीच्या वेळी जो १५ वर्षांचा होता, तो आता ४४ वर्षांचा होता. त्याचे वर्गमित्र कुठे होते, कुणाकडे कुणाचा पत्ता होता?

उल्हासनगरच्या माणसाची अडचण वेगळी. पंजाबात निदान अटारी होती. १९९४ साली कराचीतला भारताचा वाणिज्य दूतावास बंद झाला, मुंबईतला पाकिस्तानचाही. तेव्हापासून कराचीला जाऊ बघणाऱ्या उल्हासनगरकरानं आधी दिल्ली गाठायची आणि मुंबईला येऊ बघणाऱ्या कराचीकरानं इस्लामाबाद. शेजारच्या गावी जायला आधी विरुद्ध दिशेला हजारभर किलोमीटर. खोखरापारची रेल्वे पुन्हा सुरू व्हायला २००६ साल उजाडलं. ४१ वर्षं.

या काळात काही माणसं विनासायास जाऊन आली. पेशावरला जन्मलेले दिलीप कुमार १९८८ साली आपल्या जुन्या गल्लीत गेले. दिल्लीत जन्मलेले परवेझ मुशर्रफ २००१ साली राष्ट्राध्यक्ष म्हणून आले आणि दर्यागंजची नहरवाली हवेली बघून गेले. कराचीचे लालकृष्ण अडवाणी २००५ साली आपल्या शाळेत गेले. फोटो छापून आले, लोकांना बरं वाटलं. पण त्यांच्या पिढीतल्या बाकीच्यांना तो फोटो बघून फॉर्म मिळत नव्हता. राष्ट्राध्यक्षाला ‘तिकडे ओळखीचं कोण आहे?’ असं कुणी विचारत नाही.

८ सप्टेंबर २०१२च्या करारात नियम बरेच सैल झाले. तीनऐवजी पाच शहरं. गटानं येणाऱ्यांना पर्यटक व्हिसा. आणि ६५ वर्षांवरच्या माणसांना अटारी-वाघ्याला पोचल्यावर तिथेच ४५ दिवसांचा व्हिसा, पोलिसांकडे नोंदही माफ. ज्यांनी स्वतःच्या पायांनी ती शहरं सोडली होती, त्यांच्याचसाठी जणू ही तरतूद होती. कुणी विचारणार नव्हतं, फक्त सीमेपर्यंत जायचं होतं. ही सोय १५ जानेवारी २०१३पासून सुरू व्हायची होती. नियंत्रण रेषेवर सैनिक मारले गेले आणि नेमकी त्याच वेळी ती लांबणीवर पडली. सैनिकांच्या मृत्यूचा राग खरा होता. पण त्या रागाचा हिशेब ऐंशी वर्षांच्या माणसांकडून वसूल झाला, आणि त्यांच्याकडे थांबायला वेळ नव्हता.

पिंडीची गल्ली

२०१९च्या ऑगस्टमध्ये समझौता एक्स्प्रेस थांबली, खोखरापारची थार एक्स्प्रेसही थांबली. त्याच वर्षी ९ नोव्हेंबरला करतारपूरचा मार्ग खुला झाला. पाकिस्तानातल्या गुरुद्वाऱ्यात दर्शनाला जायचं आणि संध्याकाळपर्यंत परतायचं, व्हिसा नाही. मार्ग होता यात्रेकरूंसाठी, पण लोकांनी त्याचा दुसराही उपयोग शोधला. दुसऱ्या बाजूनं पाकिस्तानातली माणसं तिथे येऊ शकत होती. २०२१च्या नोव्हेंबरमध्ये नव्वदी ओलांडलेले दोन बालमित्र तिथे भेटले. एक भारतातून आलेला शीख, दुसरा पाकिस्तानातला मुसलमान. ७४ वर्षांनी. १९५५ साली क्रिकेटच्या तिकिटानं जे केलं, ते आता गुरुद्वाऱ्याच्या वाटेनं झालं.

जुलै २०२२मध्ये पुण्यात राहणाऱ्या नव्वदीच्या एक आजी अटारी-वाघा ओलांडून रावळपिंडीला गेल्या. पंधराव्या वर्षी घर सोडलं होतं, ७५ वर्षांनी त्या घरात पुन्हा शिरल्या. गल्लीतल्या लोकांनी ढोल वाजवून, फुलं उधळून स्वागत केलं. ही बातमी तेव्हा सगळ्यांच्या फोनवर आली होती. पण ते जमलं कसं, तो भाग लक्षात राहिला नाही. आजींनी आपल्या घराविषयी फेसबुकवर एका गटात लिहिलं होतं. ते वाचून रावळपिंडीतल्या एका अनोळखी माणसानं गल्ली शोधली, घर शोधलं आणि फोटो पाठवले. व्हिसा पहिल्यांदा नाकारला गेला, नंतर मिळाला.

या गोष्टीत १९४७च्या आधीचा मित्र कुणी नाही. नव्वदाव्या वर्षी तो कुठून असणार? तिकडचं ओळखीचं माणूस नव्यानं तयार झालं, तेही फोनवर. आधी मित्र आणि त्याच्यामुळे शहर, हा या सीमेवरचा जुना क्रम तसाच राहिला. फरक इतकाच, की या मित्रानं त्यांच्यासोबत त्या गल्लीत लहानपण काढलं नव्हतं.

एप्रिल २०२५मध्ये पहलगामच्या हल्ल्यात २६ माणसं मारली गेली. त्यानंतर भारतानं अटारीची चौकी बंद केली आणि पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द केले. पाकिस्ताननंही तेच केलं. भेटायला आलेली माणसं भेट अर्धी टाकून दोन्ही बाजूंनी सीमेकडे धावली. मे महिन्यात करतारपूरचा मार्गही भारताच्या बाजूनं बंद झाला. हल्ल्याचं दुःख आणि संताप आपल्या घरातला आहे, डोंबिवली-पुण्याची माणसं त्यात गेली. त्यावर मित्रभेटीची गोष्ट सांगून कुणी फुंकर घालू शकत नाही. एवढंच नोंदवायचं, की १९४७ साली जे पंधरा वर्षांचे होते ते त्या एप्रिलमध्ये त्र्याण्णवच्या आसपास होते. दारं पुन्हा उघडतील तेव्हा उघडतील. परत जाणारं म्हणावं असं माणूस तेव्हा बहुधा उरलेलं नसेल.

आपल्या वयाच्या मुलामुलींचे तिकडे मित्र आहेत. गेमिंगमध्ये भेटलेले, कोक स्टुडिओच्या गाण्यांखाली भांडता भांडता मैत्री झालेले, लंडन किंवा दुबईत एका खोलीत राहिलेले. उल्हासनगरचा मुलगा कराचीच्या मुलीला आजोबांनी सांगितलेल्या रस्त्याचं नाव टाईप करून पाठवतो आणि ती संध्याकाळी तिथे जाऊन फोटो काढते. दोघांमधलं कुणीही दुसऱ्याच्या शहरात कधी गेलेलं नाही. कधी फॉर्म पुन्हा भरायची वेळ आली, तर ‘तिकडे ओळखीचं कोण आहे?’ या रकान्यात लिहायला त्यांच्याकडे नाव आहे. आजोबांच्या वहीत होतं, तसं पूर्ण पत्त्यासकट.